विश्लेषण : चाकात हवा भरणारे जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप कोण होते? टायरचा आकार बदलल्यास वेगाचे आणि प्रवासाचे गणित कसे बिघडते?

नवी मोटार घेतली की काही महिन्यांतच तिची मूळ चाके काढून मोठी, चकचकीत अलॉय चाके आणि रुंद टायर बसवण्याची हौस आता शहरांपुरती राहिलेली नाही. गाडी त्यामुळे रुबाबदार दिसते. मात्र त्यानंतर स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही, मायलेज घटल्यासारखे वाटते आणि खड्ड्यातला धक्का थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो, अशा तक्रारी सुरू होतात. टायर हा चाकाचा दागिना नसून गाडीच्या मोजमापाचा आणि आरामाचा भाग आहे, हे त्यातून उशिरा लक्षात येते. ही गोष्ट सुमारे १४० वर्षांपूर्वी बेलफास्टमधील एका घराच्या अंगणात सिद्ध झाली होती. ती सिद्ध करणारे जॉन बॉइड डनलॉप अभियंते नव्हते, ते जनावरांचे डॉक्टर होते. महाराष्ट्रात गादीपासून टायरपर्यंत ज्यांचे नाव घरोघरी पोहोचले, त्या डनलॉप यांचे आयुष्य आणि त्यांच्या शोधामागील विज्ञान यांचा हा आढावा.

डनलॉप यांचे सुरुवातीचे आयुष्य कसे होते?

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी, एका शेतकरी कुटुंबात झाला. आपण दिवस भरण्यापूर्वीच जन्मलो, त्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे, अशी त्यांची स्वतःची समजूत होती. ती त्यांनी जन्मभर बाळगली आणि दगदगीची कामे शक्यतो टाळली. अभ्यासात मात्र ते मागे नव्हते. एडिंबरा येथील पशुवैद्यक महाविद्यालयातून वयाच्या १९ व्या वर्षी ते पदवी घेऊन बाहेर पडले. काही वर्षे स्कॉटलंडमध्ये काम केल्यानंतर १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. डाउनपॅट्रिक येथे त्यांनी भावासोबत दवाखाना चालवला आणि पुढे बेलफास्टमध्ये मे स्ट्रीटवर स्वतःचे बस्तान बसवले. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला.

त्या काळात शहरातील सगळी वाहतूक घोड्यांवर चालत असे. त्यामुळे घोड्यांच्या डॉक्टरला कामाची वाण नव्हती. दगडी फरसबंदीवर दिवसभर गाडी ओढणाऱ्या घोड्यांचे पाय, खूर आणि सांधे डनलॉप रोज तपासत. खडबडीत रस्त्यावर ओझे ओढताना किती ताकद वाया जाते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. वयाची ४७ वर्षे होईपर्यंत त्यांच्या आयुष्यात जगाने दखल घ्यावी असे काही घडले नव्हते. स्वस्थ, स्थिरस्थावर, लांब दाढीचे एक प्रतिष्ठित डॉक्टर, एवढीच त्यांची ओळख होती.

त्या काळातील चाके कशी होती?

डनलॉप यांच्या शोधाचे महत्त्व कळण्यासाठी तेव्हाची सायकल समजून घ्यावी लागते. १८७० च्या दशकात पुढे अवाढव्य आणि मागे चिमुकले चाक असलेली सायकल प्रचलित होती. तिला साखळी नसे. पायटे थेट पुढच्या चाकाला जोडलेले असत. पायट्याचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्यामुळे वेग वाढवायचा तर चाकच मोठे करावे लागे. ५४ इंच व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ४.३ मीटर भरतो, म्हणजे पायट्याच्या एका फेऱ्यात सायकल तेवढी पुढे जाई. चाक किती मोठे असावे, हे स्वाराच्या पायांची लांबी ठरवत असे.

मोठ्या चाकाचा आणखी एक फायदा होता. लहान खड्डा किंवा दगड आला की मोठे चाक त्यावरून सहज निघून जाते. लहान चाक त्यात उतरते आणि आदळते. मात्र उंचावर बसलेला स्वार तोल जाताच तोंडावर पडे. म्हणून १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी साखळीची, दोन्ही चाके जवळपास सारख्या आकाराची ‘रोव्हर’ सायकल आणली. साखळीमुळे वेगाचा प्रश्न सुटला आणि पडण्याची भीती कमी झाली. पण चाके लहान झाल्याने नवी अडचण उभी राहिली. भरीव रबराची पट्टी चढवलेली ही चाके फरसबंदीवर विलक्षण हादरत. सुरक्षितता मिळाली, पण आराम गेला. त्या काळच्या सायकल कारखानदारांनी त्यावर स्प्रिंगा लावून पाहिल्या. चाकात हवा भरण्याचा विचार मात्र एका डॉक्टरने केला.

अंगणातील प्रयोग नेमका काय होता?

डनलॉप यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. तो तीनचाकी सायकल चालवत असे. बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर ती सायकल फार हादरे आणि मुलाला चालवायला जड जाई. ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉप यांनी त्यावर उपाय शोधायला घेतला. रबराच्या पातळ पत्र्याची नळी करून त्यांनी ती एका लाकडी चकतीभोवती कापडाच्या आवरणात घट्ट बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली.

मग त्यांनी एक साधी, पण निर्णायक चाचणी घेतली. जॉनीच्या सायकलचे एक मूळ चाक आणि हवेची नळी बसवलेली चकती, दोन्ही त्यांनी अंगणात घरंगळत सोडली. मूळ चाक थोड्या अंतरावर मंदावून कलंडले. हवेची चकती अंगण ओलांडून गेली आणि टोकाच्या फाटकाच्या खांबावर आदळून उलट फिरली. तेवढ्यावर न थांबता त्यांनी तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर बसवले. मुलाचा अनुभवही तोच होता. सायकल हलकी झाली आणि हादरे गेले. पुढे मोठ्या सायकलवर प्रयोग झाले. जुलै १८८८ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी पेटंट मंजूर झाले.

या प्रयोगात डनलॉप यांना दोन गोष्टी एकाच वेळी सापडल्या होत्या. मुलाला आराम मिळावा एवढाच हेतू असता, तर नुसती मऊ गादीही चालली असती. पण हवेचे चाक जास्त दूर गेले, म्हणजे ते कमी ताकदीत पळत होते.

हवेचे चाक दूर का जाते?

लोखंडी किंवा भरीव चाकाखाली खडा आला की संपूर्ण चाक आणि त्यावरील वजन खड्याच्या उंचीइतके वर उचलले जाते आणि पुन्हा खाली आपटते. प्रत्येक वेळी पुढे जाण्याची थोडी ताकद अशा उचल-आपटीत खर्च होते. हवेच्या टायरमध्ये खडा जिथे लागतो, तेवढाच भाग आत दबतो आणि लगेच पूर्ववत होतो. चाकाचा आस जवळपास त्याच पातळीवर राहतो. त्यामुळे ताकदही वाचते आणि स्वाराला धक्काही बसत नाही.

गाडीचे वजनही प्रत्यक्षात रबर नव्हे, तर टायरमधील दाबाखालची हवा उचलते. रबर आणि आतील दोऱ्यांचे थर त्या हवेला आवरून धरतात. म्हणूनच टायरमध्ये किती हवा मावते आणि ती किती दाबाने भरली आहे, यावर प्रवासाचा आराम आणि टायरची भार पेलण्याची क्षमता अवलंबून असते. आज चाके बदलणाऱ्याने सर्वात आधी लक्षात ठेवावी अशी गोष्ट हीच आहे.

शर्यतीने नशीब कसे पालटले?

सुरुवातीला लोकांनी या फुगीर टायरची थट्टाच केली. बारीक, टणक चाकांच्या सायकलींमध्ये ते बेढब दिसत. बेलफास्टमधील सायकलपटू विली ह्यूम यांनी मात्र हवेच्या टायरची सायकल विकत घेतली. ते काही अव्वल स्पर्धक मानले जात नव्हते. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडा स्पर्धेत डनलॉप यांच्या सूचनेवरून ते याच सायकलवर उतरले आणि सायकलच्या चारही शर्यती जिंकले. त्यानंतर इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथेही त्यांनी एक शर्यत वगळता सर्व शर्यती मारल्या.

हरलेल्यांत डब्लिनचे व्यापारी हार्वी द्यू क्रो यांचे मुलगे होते. द्यू क्रो हे आयर्लंडच्या सायकलपटू संघटनेचे अध्यक्ष होते. मुलांच्या पराभवाने खट्टू होण्याऐवजी त्यांनी त्यामागचे कारण हेरले. त्यांनी डनलॉप यांची भेट घेतली आणि १८८९ मध्येच डब्लिनमध्ये टायर तयार करणारी कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी पेटंटचे हक्क कंपनीला दिले. काही वर्षांतच भरीव टायरची सायकल शर्यतीतून जवळपास हद्दपार झाली. ज्या फुगीर चाकांना लोक हसले होते, त्यांच्याशिवाय शर्यत जिंकणे अशक्य झाले.

पेटंट रद्द का झाले?

कंपनी उभी राहून जेमतेम वर्ष उलटले असेल, तोच धक्का बसला. पेटंट मिळाल्यानंतर दोन वर्षांनी डनलॉप यांना कळवण्यात आले की ते ग्राह्य नाही. कारण हवेच्या टायरची कल्पना आधीच कोणीतरी नोंदवून ठेवली होती. ते होते रॉबर्ट विल्यम थॉमसन. तेही स्कॉटलंडचेच. स्टोनहेवन येथे १८२२ मध्ये जन्मलेल्या थॉमसन यांनी वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी, १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. १८४६ मध्ये फ्रान्समध्ये आणि १८४७ मध्ये अमेरिकेतही त्यांनी ते नोंदवले होते. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि तिच्यावर चामड्याचे आवरण अशी त्यांची रचना होती. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ही चाके लावून त्यांनी प्रात्यक्षिकही दाखवले होते.

मग थॉमसन यांचे नाव मागे का पडले? त्यांचा शोध चुकीचा नव्हता, तो अवेळी लागला होता. त्या काळी चांगले पातळ रबर महाग आणि दुर्मीळ होते. सायकल रस्त्यावर यायची होती. घोडागाडीच्या मालकाला एवढा खर्च करून हलक्या चाकांची गरज वाटत नव्हती. थॉमसन यांनी स्वतःच पुढे हवेचा नाद सोडून वाफेच्या रस्तागाड्यांसाठी भरीव रबराचे टायर तयार केले. त्यांच्या अशा गाड्या १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातही, पंजाबातील रस्त्यांवर चालवून पाहिल्या गेल्या. १८७३ मध्ये थॉमसन यांचे निधन झाले आणि त्यांचे पेटंट विस्मरणात गेले. डनलॉप यांना त्याची कल्पना नव्हती. दोघांनी स्वतंत्रपणे तोच विचार केला होता. पहिला मान थॉमसन यांचा, पण वापरात टिकेल असा टायर लोकांच्या हाती देण्याचे श्रेय डनलॉप यांचे, असेच आता मानले जाते.

कंपनी मग टिकली कशी?

मूळ पेटंट गेले, तरी द्यू क्रो डगमगले नाहीत. डनलॉप यांच्या पहिल्या टायरमध्ये एक मोठा दोष होता. तो चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर झाले की सगळे आवरण उसवावे लागे. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कडेला तार असलेला, रिमवरून काढता-घालता येणारा टायर शोधला. विल्यम बार्टलेट यांनी कडा रिममध्ये अडकणारी वेगळी रचना काढली. चार्ल्स वूड्स यांनी सुधारलेला व्हॉल्व्ह आणला. कंपनीने असे हक्क विकत घेऊन स्वतःभोवती नवे कुंपण घातले. आजच्या मोटारीच्या टायरला कडेला जो पोलादी तारेचा कणा असतो, त्याचे मूळ वेल्च यांच्या रचनेत आहे.

सायकलवरून हा टायर मोटारीवर जायला फार वेळ लागला नाही. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. वाटेत तिची चाके वारंवार पंक्चर झाली, पण मोटार हवेवर धावू शकते हे सिद्ध झाले. त्याच वर्षी डनलॉप कंपनीतून निवृत्त झाले.

पैसा कोणाच्या हाती गेला?

१८९६ मध्ये द्यू क्रो यांनी हा व्यवसाय टेरा हूली या सट्टेबाज भांडवलदाराला ३० लाख पौंडांना विकला. हूलीने संचालक मंडळावर सरदार-उमरावांची नावे चढवून तोच व्यवसाय जनतेला ५० लाख पौंडांना विकला. सायकलच्या टायरवर लाखो पौंडांची उलाढाल होत असताना ज्यांच्या अंगणात हे सगळे सुरू झाले, ते डनलॉप त्या व्यवहारात कुठेच नव्हते. ते गरीब नव्हते. डब्लिनमध्ये राहून ते कापडाच्या व्यवसायात लक्ष घालत होते. पण त्यांच्या शोधातून निर्माण झालेल्या प्रचंड संपत्तीचा मोठा वाटा त्यांना मिळाला नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने ‘डनलॉप रबर’ हे नाव धारण केले. म्हणजे डनलॉप कंपनीत नव्हते, पण कंपनीवर नाव त्यांचेच होते. पुढे जाहिरातींमध्ये त्यांचे चित्र नटव्या, छानछोकीच्या म्हाताऱ्याच्या रूपात वापरले गेले. साधेपणाने राहणाऱ्या डनलॉप यांना ते अपमानास्पद वाटले आणि त्यांनी आपल्याच नावाच्या कंपनीला न्यायालयात खेचले. हे प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमधील राहत्या घरी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हवेच्या टायरचा त्यांनी लिहिलेला इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर मुलीने प्रसिद्ध केला.

स्पीडोमीटर आणि टायर यांचा संबंध काय?

डनलॉप यांच्या हयातीतच मोटारीला वेगमापक आवश्यक झाला. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने मोटारीला ताशी २० मैलांची मर्यादा घातली आणि चालकाला आपला वेग कळणे भाग पडले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०२ मध्ये, जर्मनीत ओटो शुल्झे यांनी स्पीडोमीटरचे पेटंट घेतले होते. त्यात चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या गतीने एक चुंबक फिरतो. तो शेजारच्या धातूच्या वाटीला स्वतःबरोबर ओढतो, स्प्रिंग तिला मागे खेचते आणि काटा वर-खाली होतो. आज वायरच्या जागी सेन्सर आणि संगणक आले, पण तत्त्व बदललेले नाही.

ते तत्त्व असे की स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही, फेरे मोजतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हा आकडा कारखान्यात मूळ टायरच्या परिघावरून ठरवलेला असतो. टायर बदलला तरी यंत्र जुनाच आकडा धरून चालते. मोठ्या चाकाच्या जुन्या सायकलवर एका फेऱ्यात ४.३ मीटर अंतर जाई आणि चाक बदलले की ते बदले. मोटारीतही तेच घडते, फक्त चालकाला ते दिसत नाही.

हिशेब कसा करायचा?

समजा, गाडीचा मूळ टायर १८५/६५ आर १५ आहे. यातील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी. १५ हा रिमचा इंचातील व्यास, म्हणजे ३८१ मिमी. दोन्ही बाजूंच्या भिंती धरून चाकाचा एकूण व्यास सुमारे ६२१ मिमी होतो.

आता त्याच रिमवर २०५/६५ आर १५ टायर चढवला, तर व्यास सुमारे ६४७ मिमी होतो. वाढ सुमारे ४.२ टक्के. परिणामी स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी १०४ किमी वेगाने धावते. वेगमर्यादेवर कॅमेरा असेल, तर चालकाने काटा पाहून पाळलेली शिस्त दंडापासून वाचवतेच असे नाही. किलोमीटरचा आकडाही कमी पडतो. गाडी १० हजार किमी धावली, तर नोंद सुमारे ९,६०० ची होते. इंधन मात्र तेवढेच लागते, म्हणून मायलेज घटल्यासारखे दिसते. सर्व्हिसिंगचा मुहूर्तही पुढे ढकलला जातो. लहान व्यासाचा टायर लावला, तर हे सगळे उलट होते. काटा जास्त वेग दाखवतो आणि किलोमीटर फुगतात.

मूळ टायर झिजला तरी थोडा फरक पडतो. नव्या टायरची ८ मिमी खोलीची नक्षी झिजून १.६ मिमीवर आली, तर व्यास १२.८ मिमीने, म्हणजे सुमारे २ टक्क्यांनी घटतो. हा फरक चालकाच्या बाजूचा असतो, कारण काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीतही स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, जास्त दाखवला तर तो खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी यापेक्षा जास्त नसावा, असे बंधन आहे. म्हणूनच कंपन्या काटा मुळातच किंचित पुढे ठेवतात. व्यास वाढवून चालक हीच सुरक्षेची जागा खाऊन टाकतो.

मोटरसायकलचा प्रकार जरा वेगळा आहे. ज्या गाडीत स्पीडोमीटर पुढच्या चाकावर चालतो, तिथे मागचा टायर बदलून काट्यात फरक पडत नाही, पुढचा बदलला की पडतो.

रिम मोठी केल्यास प्रवासावर काय परिणाम होतो?

व्यास न बदलता रिम मोठी करण्याचा मार्ग आहे. वरील गाडीला २०५/४५ आर १७ टायर लावला, तर एकूण व्यास सुमारे ६१६ मिमी येतो. मूळ व्यासापेक्षा फरक एक टक्क्याहूनही कमी. स्पीडोमीटर जवळपास बरोबर राहतो. पण टायरच्या भिंतीची उंची १२० मिमीवरून ९२ मिमीवर येते. खड्डा झेलण्यासाठी असलेली हवेची जागा जवळपास पाव हिश्शाने घटते.

वळणावर अशा टायरची भिंत कमी लचकते, त्यामुळे स्टिअरिंग चटकन प्रतिसाद देते. हा फायदा खरा आहे. मात्र गुळगुळीत रस्त्यावरचा हा फायदा खड्ड्यात तोटा ठरतो. दबायला जागा न उरल्याने टायर रिम आणि खड्ड्याची कड यांत चिमटला जातो. भिंतीला फुगवटा येतो, रिमला पोचा पडतो आणि उरलेला हादरा सस्पेन्शनकडे व तिथून प्रवाशांकडे जातो. मोठी रिम वजनाने जड असेल, तर चाक वर-खाली होताना सस्पेन्शनला ते आवरणेही कठीण जाते. १८८५ च्या लहान चाकांच्या सायकलची जी तक्रार होती, तीच इथे परत येते.

एकूण व्यास वाढवल्यास आणखी अडचणी येतात. इंजिनाला तेवढ्याच गिअरमध्ये मोठे चाक फिरवावे लागते, म्हणून पिकअप मंदावतो. तेच चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतील भागाला घासू शकतो.

चाके बदलण्यापूर्वी काय पाहावे?

एकूण व्यासातील फरक साधारण ३ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा संकेत आहे. नव्या टायरची भार पेलण्याची आणि वेगाची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी. चारही चाकांचा व्यास सारखा ठेवावा, विशेषतः चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत. हवेचा दाब चालकाच्या दारावरील पट्टीवर मूळ टायरसाठी दिलेला असतो. आकार बदलला तर टायर कंपनीच्या तक्त्यानुसार तो ठरवावा. त्याच गाडीच्या वरच्या श्रेणीत कंपनीने जो आकार दिला आहे, तो निवडणे सर्वात निर्धोक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

स्पीडोमीटर तपासण्याची सोपी रीतही आहे. मोकळ्या, सरळ महामार्गावर काटा ६० वर स्थिर ठेवावा आणि शेजारी बसलेल्याने दोन किलोमीटरच्या दगडांमधील वेळ मोजावा. बरोबर ६० सेकंद लागले तर काटा खरा. ५८ सेकंद लागले, तर गाडी प्रत्यक्षात ताशी सुमारे ६२ किमी वेगाने धावत आहे.

डनलॉप यांचे नाव भारतात कसे रुजले?

भारतात डनलॉप कंपनीचा कारखाना १९३६ मध्ये पश्चिम बंगालमधील साहागंज येथे सुरू झाला. सायकल, मोटार आणि मालमोटारीच्या टायरबरोबर बैलगाडीसाठीही हवेचे टायर बाजारात आले. लोखंडी धाव असलेल्या लाकडी चाकाच्या जागी हवेचा टायर आला आणि तीच बैलजोडी जास्त ओझे ओढू लागली. उसाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या वाटेवर दिसणारी टायरची बैलगाडी याच बदलाची खूण आहे. कंपनीने १९२९ मध्ये शोधलेल्या रबराच्या फेसाच्या गादीमुळे डनलॉपची गादी हा शब्दप्रयोगही मराठी घरांत रूढ झाला.

घोड्यांच्या दुखऱ्या पायांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरचे नाव असे बैलांच्या खांद्यावरचा भार हलका करणाऱ्या चाकाशी जोडले गेले. उसाने भरलेली ती गाडी असो की चकचकीत अलॉय चाकांची मोटार, दोन्हींचे वजन आजही टायरमधील हवाच पेलते.